आगीपासून दूर ठेवा

आमच्या भाटव्यांनी एका पाणघोड्याची जेवढी कसून तपासणी केली तेवढी कुठल्या जनावरांच्या डॉक्टरनेही केली नसेल, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाणघोडा अर्थात टीव्हीवरचा: निळा, दोन दातांचा, पायात लाल गमबूट घालून लहान मुलांना दात घासायला शिकवणारा. भाची चार वर्षांची असताना तिला मांडीवर घेऊन भाटवे तो कार्यक्रम बघायला बसले. पुढे भाची शिकली, लग्न होऊन नाशिकला गेली. भाटवे मात्र अजून टीव्हीसमोरून उठलेले नाहीत.

जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी माल तपासण्यात गेली. तिथे काय तपासतात ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दिवसभर गप्प राहण्याची भरपाई ते संध्याकाळी क्वार्टरमध्ये करत. पाणघोड्याचा कंपास, उशी, टूथब्रश, पाण्याची बाटली, जे बाजारात येईल ते विकत आणायचं आणि मोबाइलसमोर त्याची परीक्षा घेऊन व्हिडिओ टाकायचा. व्हिडिओत फक्त दोन हात आणि आवाज, चेहरा कधीच नाही. आधी व्हर्नियरने मापं, मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, मग टेबलावरून तीनदा खाली टाकणं आणि शेवटी निकाल: स्वीकृत, अस्वीकृत किंवा ‘दुरुस्तीनंतर विचार करता येईल’. “डावा कान उजव्याहून दोन मिलिमीटर आखूड हाय. लेकराले फरक पडत नाही, पण पाणघोड्याले पडते,” हे एका उशीबद्दलचं त्यांचं मत मला तोंडपाठ आहे. एकदा शेपटीच्या शिवणीबद्दल त्यांनी कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. कंपनीने खूश होऊन एक किल्ल्यांची साखळी भेट पाठवली. भाटव्यांनी ती तपासली आणि अस्वीकृत केली.

बहिणीने हे सगळं निमूटपणे सोसलं असं म्हणता येणार नाही. “दुसऱ्याचे नवरे बाटल्या लपवतेत. माहा नवरा बी बाटल्याच लपवते, पण पाणघोड्याच्या,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. एका माणसाला मात्र तिने हे कधी ऐकवलं नाही. ते म्हणजे सानगडी गावचे दादा, भाटव्यांचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर दादांनी स्वतः शाळा सोडली, धानाची शेती सांभाळली आणि भाटव्यांना शिकवलं. “माहा भाऊ सरकारी कारखान्यात तपासनीस हाय,” हे बाजाराच्या दिवशी सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. दादा क्वार्टरवर येणार म्हटलं की सगळे पाणघोडे पलंगाच्या पोटात जायचे आणि पाणघोड्याचं चित्र असलेली चादर उलटी अंथरली जायची. “दादाले कळलं तं मी त्याच्या नजरेतून उतरलो समज,” असं भाटवे मला म्हणायचे. मी हसायचो, पण त्यांचा चेहरा खरंच एवढासा झालेला असायचा.

मग भाटवे निवृत्त झाले. क्वार्टर सोडून सानगडीच्या घरी राहायला जायचं ठरलं. संग्रह लाकडी पेट्यांत धानाचं तणस, म्हणजे पेंढा, घालून भरला, झाकणं स्क्रूने पक्की केली आणि हाताला लागलेल्या सवयीने प्रत्येक पेटीवर लाल रंगात, ठसठशीत अक्षरांत लिहिलं: ‘सावकाश हाताळा. आपटू नये. आगीपासून दूर ठेवा.’ क्वार्टरच्या किल्ल्या द्यायला ते आणि बहीण मागे थांबले आणि पेट्यांसोबत सकाळीच मला पाठवलं. “आत काय हाय ते दादाले सांगू नको. जुनं सामान म्हण,” एवढं माझ्याकडून वदवून घेतलं.

पेट्या पडवीत उतरल्या, तेव्हा शेजारच्या एका म्हाताऱ्याने ती लाल अक्षरं मोठ्याने वाचली. “कारखान्यातलं हाय का हे?” त्याने विचारलं. “हो, तिकडचंच. जुनं सामान,” मी इमानदारीत सांगितलं. त्यानंतर जे झालं त्याला मी जबाबदार आहे. म्हाताऱ्याने तोंडातली बिडी नालीत फेकली. दादांनी स्वतःच्या हाताने चुलीवर पाणी ओतलं. शेजाऱ्यांनी बकऱ्या सोडून लांब नेल्या. पहिला अर्धा तास, खोटं कशाला बोलू, मला मजाच वाटली. मग कुणीतरी पोलिसांना कळवायची गोष्ट काढली आणि माझी मजा तिथेच संपली. खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात दादांनी पेट्यांशेजारी खुर्ची टाकली. “माह्या भावाचं सामान हाय. तो येईपर्यंत कोणी हात लावाचा नाही,” ते म्हणाले आणि बसून राहिले. त्यानंतर भाटव्यांना दिलेला शब्द मोडायची माझी हिंमत झाली नाही. शेजारणीने आणलेलं ताटही त्यांनी परत पाठवलं.

दुपारच्या बसने भाटवे आणि बहीण आले. अख्खी गल्ली दूर उभी, घराची चूल थंड आणि पडवीत एकटे दादा.

“बाबू, खरं सांग. काय हाय याच्यात?”

भाटव्यांनी स्क्रू काढायला पेचकस मागितला. झाकण निघालं, तणस बाजूला झालं, लाल गमबूट दिसले. बाहेर काढताना पाणघोड्याचं पोट दाबलं गेलं आणि त्या शांततेत तो खणखणीत आवाजात म्हणाला, “चला, दात घासू या!”

गल्ली फुटली हसून. दादा हसले नाहीत.

“साऱ्याच पेट्याइत हेच हाय?”

“हो दादा. मी जमवतो. लय वर्षं झाले.” भाटव्यांची मान खाली.

दादांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. “फुटन म्हणून नाही भेलो मी, बाबू. तू तिथलं काही उचलून आणलं का काय, याचा भेव होता. सकाळपासून पाणी नाही उतरलं गळ्याखाली. पाणघोडाच हाय नं? मंग अजून शंभर आण.” आणि माझ्या बहिणीकडे वळून म्हणाले, “चूल पेटवा व.”

भाटवे पेटीवर बसून लहान मुलासारखे रडले. मला इतकं हायसं वाटलं की मीही डोळे पुसले.

आता व्हिडिओत चार हात दिसतात. त्यातले दोन खरबरीत, नखांत चिखल असलेले. दादांचा पहिलाच निकाल असा होता: “हे बूट घालून धानाच्या बांधीत उतरला तं बूट चिखलातच राहीन. अस्वीकृत.” भाटव्यांनी तो जसाच्या तसा नोंदवला. जवाहरनगरहून सानगडी म्हणजे सकाळी निघून जेवायला पोचावं एवढं अंतर. इतकी वर्षं हे दोघे भाऊ भेटले, धानपाण्याचं आणि तब्येतीचं बोलले आणि आपापल्या घरी गेले. ती सगळी वर्षं परत येणार नाहीत, याची मला उगाच चुटपुट लागते.

रिकामी झालेली एक पेटी पडवीत बसायला ठेवली आहे. परवा भाटवे तिच्यावरची लाल अक्षरं घासायला निघाले, तर दादांनी त्यांचा हात धरला.

“राहू दे,” ते म्हणाले. “घरातलं सामान जपाचंच हाय.”