पुसट ओळीतली भागी

सन २००४. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांचा. हे मी घरात कोणाले सांगितलं नाई, बायको गेली तिलेही नाई. तुम्हालेच सांगून राह्यलो.

वर्ध्याच्या एका कचेरीत जुनी कोतवाल बुकं कंप्युटरात चढवत होते. जन्ममृत्यूच्या नोंदी, सगळ्या मोडी लिपीत. पानाचा फोटो पडद्यावर यायचा, मी वाचायचो, माया नावाची पोरगी टाइप करायची. माही शाळा तिसरीपर्यंत. मोडी बापानं शिकवलेली. पण तिथं साहेबसुद्धा मले गुरुजी म्हणे — तिसरी शिकलेल्या माणसाले! ते डोक्यात गेलं, खोटं काऊन बोलू?

शाई पसरलेली ओळ आली की माया म्हणे, "आबाजी, 'वाचता येत नाई' लिहू का?" तशी सोय होती. मी म्हणायचो, "माहे डोळे फुटले नाई अजून. तू टाइप कर व." अन् अंदाजानं ठोकून द्यायचो. किती वेळा? मोजलं नाई.

मग पवनारचा किसना आला. पन्नाशीतला शेतकरी. चप्पल दाराबाहेर काढून उभा राह्यला. त्याच्या आजाची माय बाळंतपणातच गेलती, तिचं नाव घरात कोणालेच ठाऊक नव्हतं. पित्तराच्या जेवणात सगळ्यांच्या नावानं पान वाढत, तिचं नुसतं 'ते बाई' म्हणून.

नोंद सापडली. गाव बरोबर, नवऱ्याचं नाव बरोबर. तिच्या नावावर मात्र शाईचा डाग. मी डोळे बारीक केले, चष्मा पुसला. काहीच दिसेना. किसना माह्या तोंडाकडे पाहून राह्यलता — अन् मले 'येत नाई' म्हणवलं नाई. वरच्या ओळीत भागी होतं, दुसऱ्याच कोणाची तरी बायको. तेच नाव खाली ओढलं.

"भागी," मी म्हणालो. मायानं टाइप केलं.

किसना भागी, भागी, असं स्वतःशीच म्हणत राह्यला. त्या वर्षीच्या पित्तराले मले हात धरून घरी नेलं. कढी, वडे, खीर. वेगळं पान वाढलं, अंगणात जाऊन कावळ्याले हाक मारली, "ये व भागीआजी, लई वर्षं उपाशी ठेवलं तुले." त्याच्या सुनेनं डोळे पुसले.

तेव्हा बोलता आलं असतं ना? तोंडात वडा होता. गिळला. अजून एक घेतला.

ते खरी बाई कोण होती, मले माहीत नाई. आता कोणालेच कळायचं नाई, कंप्युटरात भागीच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नालवाडीच्या माह्या घरून ऑटो धरला, दहाले खुर्चीवर बसलो. पहिल्याच पानावर एक नाव पुसट होतं. मायानं माह्याकडे पाह्यलं.

मी वाचून दिलं.