दुमडलेलं चित्र

ताई गेली त्या दिवशी मी चाकणला सेकंड शिफ्टला होतो. शेजारच्या काकूंचा फोन आला, "संजू, लवकर ये." पोचलो तेव्हा तिला जमिनीवर उतरवून ठेवलं होतं... दहाव्याला जो तो म्हणत होता, "सुनंदा म्हणजे त्यागाची मूर्ती." माझं डोकंच फिरलं. त्याग माणूस स्वतःहून करतो. ताईकडून तो करून घेतला होता.

आई वारली तेव्हा मी पाच वर्षांचा, ताई एकोणीसची. मुंबईच्या आर्ट कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. आमचे वडील, अण्णा, म्हणाले, "संजूला कोण बघणार? चित्रं काय, घरीही काढता येतात." विषय संपला. त्याच आठवड्यात तिनं मला समोर बसवून जलरंगात माझं चित्र काढलं. काळेवाडीच्या घरात अण्णांनी ते हौसेनं फ्रेम करून लावलं. "आईविना लेकरू कसं कोमेजलंय!" म्हणून आल्यागेल्या बायका हळहळायच्या. मला तो चेहरा कधीच दुःखी वाटला नाही. ओठ घट्ट मिटलेले, नजर चित्र काढणारीवर रोखलेली... विचारलं की ताई म्हणायची, "तुला काय दिसतं ते सांग." स्वतः कधी सांगितलं नाही. पुढं ती एका कंपनीत बंपरच्या रंगातले डाग शोधायला लागली. लग्न राहिलं. ब्रश पुन्हा हातात धरला नाही.

तेराव्याच्या गर्दीत त्या फ्रेमची काच तडकली. ज्या रफिकचाचांनी ती केली होती, त्यांच्याच दुकानात घेऊन गेलो. चाचांनी मागचा पुठ्ठा काढला, चित्राचा खालून मागे दुमडलेला भाग उलगडला. त्यावर माझा हात होता. मुठीत ताईच्या ओढणीचं टोक, पार पिळून धरलेलं.

"तुमचे वडील म्हणाले होते, एवढं कापून टाका, पोरगं हट्टी दिसतंय," चाचा म्हणाले. "तुमची बहीण इथंच उभी होती. म्हणाली, कापू नका चाचा, दुमडा. एवढंच बोलली बघा."

हळहळणाऱ्या एकाही बाईला ते चित्र कळलं नव्हतं. अण्णांना बरोबर कळलं होतं, म्हणूनच त्यांना तो हात नको होता. आता अण्णाही नाहीत, भांडू कोणाशी?

नवी फ्रेम मोठी केलीय. मनगटावरून घडीची पांढरी रेघ गेलीय. ती बुजवू का, असं चाचांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. परवा काकू आल्या, चित्रासमोर थांबल्या, डोळ्यांना पदर लावला.

"अगंबाई, ओढणी धरलीय होय! केवढा लळा होता रे तुला तिचा."

"होता ना," मी म्हणालो. "सोडलंच नाही तिला."