कूलरच्या खोलीतलं बाळंतपण

माझे दिवस भरत होते मे महिन्यात. जळगावचा मे ज्याने एकदा काढला आहे त्याला पुढचं काही सांगायला नको. ज्याने काढलेला नाही त्याच्यासाठी एवढंच, की दुपारी नळ सोडला तर हात भाजायचा आणि लोखंडी कपाटाला चुकून पाठ लागली की माणूस किंचाळायचं.

पहिलं बाळंतपण माहेरी, याबद्दल वाद नव्हता. सासर धुळ्याचं, माहेर जळगावचं. हे धुळ्याला पाटबंधारे खात्यात नोकरीला, त्यामुळे त्यांचा या प्रकरणातला वाटा म्हणजे मला एस.टी.त खिडकीची जागा पकडून देणं. डोहाळजेवण झालं आणि मी पारोळा, एरंडोल करत माहेरी येऊन पडले.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिचे निर्णय फळ्यावर लिहिल्यासारखे असत. जुन्या गावात एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता, तिथेच जायचं, हे तिने मला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

"तू तिथेच झालीस. काय वाईट झालं?" ती म्हणाली.

या प्रश्नाचं उत्तर कुणाला देता येतं? मी तिच्याबरोबर दवाखाना बघायला गेले. डॉक्टरीणबाई केस पांढरे झालेल्या, कडक. त्यांनी माझ्याकडे नजर टाकली आणि म्हणाल्या, "वजन वाढलंय. घरी चालत जा." दवाखाना स्वच्छ होता, पण खाटा लोखंडी, मोठ्या दालनात ओळीने मांडलेल्या, मधे पडदे. वर एक पंखा, तो फिरायचा की नुसताच कण्हायचा ते कळत नव्हतं. संडास अंगण ओलांडून पलीकडे. आम्ही खरोखरच चालत घरी आलो. आई वाटेत खूश होती. "बघितलंस? शिस्त आहे," म्हणाली.

मग धुळ्याहून सासूबाई आल्या. त्यांना सगळं घर अक्का म्हणायचं, मीही तेच म्हणायची. अक्का मूळच्या भडगावजवळच्या खेड्यातल्या. बोलायच्या अहिराणी, माझ्या आईशी मात्र अदबीने शहरी मराठी बोलायला जायच्या आणि मधेच घसरून आपल्या बोलीत यायच्या. त्यांची सगळी बाळंतपणं घरी, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत झालेली. तेव्हा त्यांना जुनं ते सोनं वाटणार, शेक-शेगडी लागणार, असं आईने गृहीत धरलं होतं. जोडीला विहीणबाई मिळाल्याच्या आनंदात ती त्यांना डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दाखवायला घेऊन गेली.

अक्कांनी सगळं बघितलं. परतताना रस्त्यात थांबल्या.

"विहीणबाई, दवाखाना साफ आहे. डॉक्टरीणबाई पण चांगल्या. पण संडास अंगणापलीकडे. टाके पडलेली पोर एवढं चालंल कशी?"

"आपण नाही का चाललो?" आई म्हणाली.

"आपण चाललो. म्हणून तर सांगते."

आईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. रागावली की ती असं करायची.

अक्कांना एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईकडून खबर लागली होती. रेल्वे लाइनीपलीकडच्या नव्या वस्तीत एका तरुण डॉक्टर जोडप्याने दवाखाना काढलाय. खोलीला लागून संडास-बाथरूम, खाली रंगीत टीव्ही, आणि खोलीत कूलर! दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "बघायला काय जातं?" आणि आम्ही तिघी रिक्षाने निघालो.

तो दवाखाना आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. गुळगुळीत फरशी, भिंतींना फिकट पिस्ता रंग, खाली रंगीत टीव्हीसमोर बसलेले चार नवरे, त्यातला एकही वर काय चाललंय याची चौकशी न करणारा. नर्सने स्पेशल रूम उघडून दाखवली. खिडकीत भला मोठा पत्र्याचा कूलर, त्याला वाळ्याचे पडदे. बटण दाबताच ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला. अक्का त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. पदर मागे उडाला, डोळे मिटले.

"माय वं, आठे तं हिवाया शे!"

भर मे महिन्यात त्यांना हिवाळा सापडला आणि मग त्यांना आवरणं कठीण झालं. त्यांनी नळ सोडून बघितला, कपाट उघडून वास घेतला, गॅलरीत वाळत घालायला दोरी आहे का पाहिलं. मग खाटेवर बसल्या, गादी दाबली आणि सरळ आडव्या झाल्या.

"आजी, पेशंट कोण आहे?" नर्सने घाबरून विचारलं.

"ही. पण आधी मी झोपून बघते."

आईचं चित्त कूलरमध्ये नव्हतं. तिने डॉक्टरबाईंना गाठलं. त्या बिचाऱ्या वयाने माझ्याएवढ्याच असाव्यात. आईने त्यांची तोंडी परीक्षा घेतली: कुठे शिकलात, किती बाळंतपणं केलीत, आडवं मूल आलं तर काय करता? त्यांनी सगळ्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली. आईला नापास करायला जागा सापडेना. शेवटी तिने विचारलं,

"खाटेखाली शेगडी ठेवू देता का?"

"नाही काकू. धूर होतो."

"मग शेक कसा द्यायचा?"

"मे महिन्यात?" डॉक्टरबाईंनी इतक्या निरागसपणे विचारलं की खाटेवर पडलेल्या अक्का खदखदून हसल्या.

विहिणींचं भांडण हे भांडणासारखं दिसत नाही. दोन्हीकडून चहा दिला जातो, साखर पुरेशी आहे का विचारलं जातं. संध्याकाळभर आमच्या घरात असा अतिशय गोड चहा चालू होता. आई म्हणाली, बाळंतिणीला वारा लागला तर जन्माचं दुखणं. अक्का म्हणाल्या, उकाड्याने पोर अर्धी होईल त्याचं काय? आई म्हणाली, तान्ह्या जिवाला कूलर? अक्का म्हणाल्या, तान्ह्या जिवाला घामोळं का? नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारलं गेलं. ते आधी "मला त्यातलं काय कळतं" म्हणाले आणि वर्तमानपत्रामागून पुटपुटले, "कूलर बरा." दवाखान्यात बसून राहायची पाळी कुणावर येणार हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ह्यांना धुळ्याला शेजाऱ्यांकडे फोन लावला, तर पलीकडून "तुम्ही ठरवाल ते" एवढंच आलं.

मग अक्का माझ्याकडे वळल्या. "पोरी, तुला कुठे जायचंय?"

खरं सांगायचं तर तोवर हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मी आईकडे बघायचं टाळलं. घामाने पाठ खुर्चीला चिकटली होती.

"कूलर आहे तिथे," मी म्हणाले.

आई उठून आत गेली. मला वाटलं, आता दोन दिवस अबोला. ती ट्रंकेतून लोकरीचा स्कार्फ घेऊन बाहेर आली आणि माझ्या पुढ्यात टाकून म्हणाली, "कान बांधून घ्यायचे. मग कूलर असो नाहीतर हिमालय."

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी, आमरस-पोळीचं जेवण करून उठले तेव्हा. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. नानांनी कशीबशी रिक्षा आणली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मी मनातल्या मनात त्या गार खोलीला हाक मारत होते. दवाखान्यात पोहोचलो, मी जिन्याकडे वळले, तर नर्सने दंड धरला.

"तिकडे नंतर. आधी इकडे."

इकडे म्हणजे प्रसूतीची खोली. लहानशी, पश्चिमेला तोंड असलेली, दिवसभर तापलेली. मधे रेक्झिनचं उंच टेबल, वर एक पंखा. कूलर नाही. आम्ही तिघींनी नळ बघितले होते, कपाटाचा वास घेतला होता, दोरी बघितली होती; पण जिथे मूल जन्माला यायचं ती खोली दाखवा, असं आमच्यापैकी एकीलाही सुचलं नव्हतं. मी टेबलावर चढले आणि वीज गेली. जनरेटर धडधडत सुरू झाला तेव्हा मला आशा वाटली. "त्याच्यावर फक्त दिवे चालतात," नर्स म्हणाली.

घरातली एकच बाई आत थांबू शकत होती. आई अर्थातच आली, पदर खोचून, वर्गावर आल्यासारखी. माझा हात धरून म्हणाली, "ओरडायचं नाही. ओरडण्यात शक्ती जाते." पुढची कळ आली आणि मी अशी ओरडले, की आईचा चेहराच उतरला. तिने उभ्या शाळेला गप्प केलं होतं, पण आपल्या लेकीचं असं ओरडणं तिने कधी ऐकलं नव्हतं. तिचेच डोळे भरून आले. डॉक्टरबाईंनी हळूच नर्सला खूण केली. आईला बाहेर नेऊन बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि अक्का आत आल्या.

अक्कांनी कोपऱ्यातलं सलाइनच्या खोक्याचं झाकण फाडून घेतलं आणि मला वारा घालू लागल्या.

"भिऊ नको. मी शे ना आठे."

मग त्या बोलत राहिल्या, सगळं अहिराणीत. मला अर्धं कळत होतं, अर्धं नाही, पण तो आवाज धरून ठेवायला बरा होता. स्वतःच्या पहिल्या बाळंतपणाची गोष्ट त्यांनी तिथे सांगितली. ह्यांच्या जन्माच्या वेळी शेजारच्या गोठ्यात म्हैसही अडली होती. सुईण एकच, गावात हुशार म्हणून तिला तिकडेच बोलावलेलं. "बठ्ठं, सगळं घर म्हशीकडे!" अक्का म्हणाल्या. "मी आरडी ऱ्हायनू, तर सासरा बाहेरून म्हनस, थांब जरा, आधी पारडू होऊ दे!"

कळ ओसरत होती आणि मला हसू फुटलं. हसता हसता पुढची कळ आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हसा, हसा, तसाही जोर लागतोच." माझी मुलगी अशी हसण्या-ओरडण्याच्या सीमेवर जन्माला आली. अजून बाहेर ऊन होतं.

आईने दारात अक्कांना गाठलं. चेहऱ्यावर आनंद होता, पण आवाज माफी मागितल्यासारखा दबलेला; जणू आत असलेल्या अक्कांना ते माहीतच नव्हतं. "मुलगी झाली, अक्का."

"मग? मी काय मुलाची ऑर्डर दिली होती?" अक्का म्हणाल्या आणि आईला मिठीच मारली. दोघींपैकी आधी कोण रडलं यावर आमच्या घरात पुढे बरीच वर्षं मतभेद होते.

आणि मग, एकदाची, कूलरची खोली. वीज आल्यावर मला तिथे हलवलं. ते सुख मी वर्णन करत नाही. पण त्यात वाटेकरी किती असतील याचा अंदाज कुणालाच नव्हता. हे संध्याकाळी धुळ्याहून घामाने निथळत आले, दारातून सरळ कूलरसमोर जाऊन उभे राहिले आणि गार झाल्यावर मुलीकडे बघितलं. हे मी त्यांना अजून विसरू दिलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून नातेवाईक सुरू झाले. जे लग्नाला आले नव्हते तेही आले. सकाळी कुणी फिरकायचं नाही. ऊन चढलं की बाळाची माया दाटून यायची. सावद्याचे केळीवाले मामा अख्खा घड घेऊन आले, बाळंतिणीला केळी चालत नाहीत हे ऐकून जराही वाईट वाटून न घेता फरशीवर पंचा टाकून आडवे झाले आणि उन्हं उतरेपर्यंत घोरले. आईच्या शाळेतल्या बाई विणकाम घेऊन यायच्या.

आई माझे आणि मुलीचे कान बांधून पहारा देत असायची. ती कूलरची झडप भिंतीकडे वळवायची, अक्का ती परत आमच्याकडे वळवायच्या. कुणी कुणाला काही बोलत नव्हतं. एक दिवस दुपारी खोली भरलेली असताना मुलगी शिंकली.

आईने अक्कांकडे बघितलं. अक्का उठल्या आणि कूलर बंद केला.

थोड्याच वेळात मामांना केळीच्या गाडीची आठवण झाली, शाळेच्या बाईंना स्वयंपाकाची. खोली रिकामी. आई समाधानाने खुर्चीत टेकली. मग मुलगी लाल झाली, वळवळली आणि तिने असा टाहो फोडला की खालून नर्स धावत वर आली. आईने तिला घेतलं, थोपटलं, फिरवलं, कानाचं फडकं सोडलं. काही उपयोग होईना. शेवटी ती मुलीला घेऊन उठली आणि कुणाकडेही न बघता कूलरचं बटण दाबलं. मुलगी हुंदके देत देत झोपली. अक्का गॅलरीच्या दारातून बाहेर बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

घरी जायचा दिवस आला तेव्हा अक्का डॉक्टरबाईंकडे जाऊन म्हणाल्या, "अजून दोन दिवस ठेवा."

"आजी, त्यांची तब्येत अगदी छान आहे."

"तिची आहे. माझी आत्ता कुठे सुधरायला लागली."

त्या वर्षी दिवाळीत मुलीला घेऊन भडगावकडच्या त्यांच्या गावी गेलो. अंगणात बायका जमल्या. मुलगी कुणावर गेली हे कुणीच विचारलं नाही. आधी दवाखान्याच्याच चौकशा. भिंतीतून गार वारा येतो म्हणे, खरं का? संडास खोलीतच? मी एकेकीला उत्तरं देत होते आणि अक्का मधे मधे भर घालत होत्या. बायका पांगल्यावर शेजारच्या घरची सून मागे राहिली. नुकतेच दिवस गेलेले, बोलायला लाजत होती. तिने अक्कांना हळूच विचारलं, की तिकडे जायला गाडी कुठून मिळते, आणि दवाखान्यात एकटीला घेतात का.

अक्कांनी तिच्याकडे नीट बघितलं.

"एकली कसाले? मी येसू ना तुनासंगे," त्या म्हणाल्या.

आणि पुढच्या उन्हाळ्यात, धुळ्याचं घर माझ्यावर टाकून, त्या खरंच तिच्याबरोबर जळगावला गेल्या. जाताना एवढंच सांगून गेल्या की या वेळी ती टेबलाची खोली आधी बघेन.