थोरल्याकडे नाही, धाकट्याकडेही नाही

म्हातारपणावर आयुष्यभर संशोधन केलेली बाई आज म्हातारपणानेच गेली.

आमच्या नलिनी मॅडम.

पेपरात येणार नाही, टीव्हीवर तर नाहीच. म्हणून इथे लिहितेय. अंगात त्राण नाही, तुटक वाटलं तर समजून घ्या.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मॅडम मुंबईच्या एका संशोधन संस्थेतून शहापूर-मुरबाडला सर्व्हेसाठी यायच्या. मी मुरबाडची, बीए करून घरी बसलेली. त्यांना गावं माहीत असलेली मुलगी हवी होती आणि मला काम.

त्यांचा विषय असा, की देशात म्हातारी माणसं वाढत जाणार, तेव्हा त्यांच्या जेवणाचं, औषधाचं कोण बघणार? मुलं किती उचलतील आणि सरकारने आत्तापासून काय तरतूद करायची?

माझे काका हसले होते. "तरन्या पोरांना कामं नायत, आनि ह्या बाई म्हातारे मोजत फिरतायत."

मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, "मग तीच पोरं म्हातारी होणार आहेत ना? आणखी कोण होणार?"

अशाच बोलायच्या. आवाज न चढवता, समोरच्याची बोलती बंद.

पहिल्याच फेरीत घोळ झाला.

ओट्यावर, पारावर बघावं तिथे म्हातारी माणसं. आणि आमच्या कागदांवर मात्र गावंच्या गावं तरुण.

आमच्याकडे भाऊ वेगळे झाले की आईही वाटून घेतात. एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. अमावास्या झाली की तिने आपलं बोचकं उचलायचं.

थोरल्याच्या दारात विचारलं की "आई धाकट्याकडं हाय."
धाकट्याच्या दारात विचारलं की "ती थोरल्याकडं."

खोटारडी नव्हती ती माणसं. घाबरलेली होती. एकदा सरकारी कागदावर आपल्या घरात नाव लागलं की म्हातारी बारमाही आपल्याच गळ्यात पडणार, असा सगळ्यांचा समज.

मॅडम म्हणाल्या, परत फिरायचं. या वेळी घरातल्यांना नाही, थेट म्हाताऱ्यांनाच विचारायचं.

ऐन वैशाखात. एसटीचा पत्रा तापलेला, पाण्याची बाटली त्याहून तापलेली. मी मनातल्या मनात त्यांना किती शिव्या घातल्या असतील.

वैशाखरे गावाच्या अलीकडे एका पाड्याबाहेर हिरूबाई भेटली. आंब्याखाली बसलेली, बोचकं मांडीवर.

"आजी, कुठे राहता?" मॅडमनी विचारलं.

"थोरल्याकं व्हते. अमावस झाली, निगाले."

"आणि आता?"

"धाकट्याच्या घराला कुलूप हाय. बाजारात गेली आसल सून."

मी म्हटलं, "आजी, उन्हात कशाला बसता? तोवर थोरल्याकडे जा की परत."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की या पोरीला कुणी काही शिकवलंय की नाही.

"तिकडं माजा म्हयना सरला ना गो."

मॅडम तिच्या शेजारी मातीत बसल्या. डबा उघडला. दोघींनी पोळी-भाजी खाल्ली.

ऊन उतरल्यावर धाकटी सून आली. सासूला तिथे बघून ओशाळली. बोचकं तिनेच उचललं. "आय, चल," म्हणाली.

वाईट नव्हती ती. आमच्याकडे वाईट कुणीच नसतं, फक्त ज्याचा त्याचा महिना ठरलेला असतो.

"हिला कुणाच्या घरात लिहायचं?" मी विचारलं. सर्व्हेचा नियम साधा होता, जितक्या चुली तितकी कुटुंबं.

मॅडमनी तिला वेगळं लिहिलं. एकटी. चूल नाही.

मुंबईच्या ऑफिसात यावरून रामायण झालं. साहेब म्हणाले, चुलीशिवाय कुटुंब कसं असेल? कुठल्याही एका मुलाच्या घरात टाका आणि विषय संपवा, या एका ओळीपायी अख्खा अहवाल अडलाय.

मॅडम म्हणाल्या, "मी विचारलं तेव्हा ती कुणाच्याच घरात नव्हती."

बस. यापुढे एक शब्द नाही. साहेबांनी समजावलं, सहकाऱ्यांनी समजावलं, शेवटी मीसुद्धा समजावलं.

अहवाल निघाला. ती ओळ काढून, दुसऱ्याच्या सहीने.

मॅडमचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही.

त्यानंतरची वर्षं मी लांबून पाहिली. इथे तासिकेवर शिकवणं, तिथे सहा महिन्यांचं काम. सेमिनारमध्ये यांना बोलायला ठेवायचे जेवणानंतर, लोक पेंगत असताना. तरी सुट्टीत पदरमोड करून कसाऱ्याकडच्या पाड्यांवर जायच्याच. एकदा आसनगाव स्टेशनचा जिना चढताना दिसल्या. दोन पायऱ्या चढायच्या, थांबायच्या. पिशवी घेऊ का विचारलं तर नको म्हणाल्या.

मला राग यायचा. त्यांचाही आणि त्या ऑफिसचाही. आज कुणाचाच येत नाहीये.

मागच्या दिवाळीनंतर भेटायला गेले होते. अंथरुणालाच खिळलेल्या. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारून टाकलं.

"मॅडम, ती एक ओळ काढली असती तर? नाव झालं असतं तुमचं. एवढी वणवण तरी झाली नसती."

डोळे मिटलेलेच.

तशाच म्हणाल्या, "हिरूबाईला तर कळलंही नसतं गं."

"मग कशाला?"

"काढली असती तर मी याहून जास्त दमले असते."

मॅडम, आता विसावा घ्या. तुमच्या सुनंदाचा शेवटचा नमस्कार.