आईचं नाव : अक्का

खजुरीच्या बँकेत पूर्णिमाला सगळे ‘चौकशीअक्का’ म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. आळंदच्या जयतीर्थमास्तरांची ही लेक लहानपणापासूनच चौकस. सकाळच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईचं गाव, माहेर आणि गुडघेदुखी तिला बस आळंद सोडायच्या आत कळलेली असते. अशा बाईला बँकेनं नेमकं ग्राहकांच्या नोंदी सांभाळायला बसवलं, म्हणजे मुंगीलाच साखरेच्या डब्यावर पहाऱ्याला ठेवलं.

संगणकात प्रत्येक ग्राहकाचं एक पान असतं. नाव, जन्मतारीख, पत्ता, आईचं नाव. दुसऱ्या कुणाला त्या नुसत्या चौकटी दिसतील, पूर्णिमा मात्र तिथंच रेंगाळते. अर्धी खजुरी एक जूनला कशी जन्मली, हे तिनं रुजू झाल्याझाल्या शोधून काढलं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना सरसकट एकच तारीख वाटून टाकली होती. दुसरं कोडं सुटायला जरा वेळ लागला. गावातल्या कितीतरी माणसांच्या आईचं नाव ‘अक्का’ होतं. काहींच्या आईचं ‘वहिनी’, आणि एकाच्या तर चक्क ‘काकू’!

एकत्र घरात धाकटे दीर, जावा, पुतणे जी हाक मारणार, तीच ऐकून पोरंही मारणार. खातं उघडताना कारकुनानं विचारलं, आईचं नाव काय, आणि लोकांनी इमानदारीत तेच सांगितलं. यात कुणाचं काही अडतही नव्हतं. पण मुख्य कचेरीतल्या शहाण्यांनी सॉफ्टवेअरला नवा नियम शिकवला. आईच्या चौकटीत नात्याचा शब्द चालणार नाही, आणि खरं नाव भरेपर्यंत खात्याला कुलूप.

त्या कुलपात पहिले सापडले अंकुशराव. सत्तरीला टेकलेले, शेतकरी, आवाज खणखणीत. बायकोला, वच्छलाबाईंना, बाकावर बसवून ते पूर्णिमाच्या टेबलापाशी आले.

“आईचं नाव सांगा, अण्णा,” पूर्णिमा म्हणाली.

“अक्का.”

“ऐकायलेय की. सांगा.”

“सांगितलं न्हवं का? अक्का.”

“अहो, मला हाका नका मारू. आईचं नाव सांगा.”

“त्येच सांगायलोय की, अक्का!”

सगळी बँक हसली. अंकुशरावही हसले. हसू ओसरल्यावर पूर्णिमानं हळूच विचारलं, “पण अण्णा, खरं नाव काय होतं त्यांचं?”

अंकुशरावांनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. वडील तिला ‘अगं ए’ म्हणायचे, आजी ‘थोरली’ म्हणायची, बाकी सगळं घर अक्का. ती जाऊन जमाना झाला होता. शाळेच्या दाखल्यावर फक्त बापाचं नाव आणि जमिनीच्या कागदावरही बापाचंच. नाव नसलेली बाई कशी असेल? पण आठवेना, कारण मुळात कधी ऐकलंच नव्हतं.

आतून मॅनेजर बसवप्रभु म्हणाले, “लक्ष्मीबाई टाका आणि मोकळं व्हा. कोण बगायलंय?”

अंकुशराव भडकले. “दुसऱ्याची माय मला कामून लावायलाव, सायेब? मी काडतो हुडकून.” एवढं बोलून ते तरातरा बाहेर पडले आणि वच्छलाबाई पदर सावरत त्यांच्यामागं निघाल्या.

पूर्णिमाला राहून राहून वाईट वाटत होतं. त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, तिला ते नाव ऐकायचं होतं. दार वाजलं की तिची मान आपोआप वर व्हायची.

पुढच्या आठवड्यात दोघं आली आणि वच्छलाबाई पुन्हा बाकावर बसल्या. अंकुशराव आईच्या माहेरी, कोहिनूरला जाऊन आले होते. तिथं आईची सगळ्यात धाकटी बहीण, गंगव्वा मावशी, अजून हिंडतीफिरती होती.

“मग? काय म्हणाल्या मावशी?” पूर्णिमा खुर्चीतून अर्धी उठलीच.

अंकुशराव खाली बघत म्हणाले, “मावशी म्हनली, आमी बी अक्काच म्हनायचो. थोरली बहीण न्हवं का ती. नाव मायबापाला म्हाईत आसंल, त्ये तर गेले.” त्यांचा खणखणीत आवाज पार बसला होता. “दोन गावं तिला अक्का म्हनली, म्याडम. नाव एकानंबी घेतलं न्हाई. मी तर पोटचा.”

पूर्णिमाला विचारायला प्रश्नच सुचेना, आणि असं तिच्या बाबतीत सहसा होत नाही. शेवटी तिनं ‘अक्का’च्या पुढं ‘बाई’ जोडलं. अक्काबाई. हा नात्याचा शब्द नाही, हे नाव झालं. यंत्रानं मुकाट्यानं घेतलं आणि बसवप्रभूंनीही मंजुरी दिली. खात्याचं कुलूप निघालं.

तरी अंकुशराव उठेनात.

“आमच्या धनराजचं खातं बगा की. ल्योक हाय माझा. त्याच्यात आईचं काय लिवलंय?”

पूर्णिमानं पान उघडलं. “वहिनी.”

अंकुशरावांनी बाकाकडं पाहिलं. बायकोला ते ‘अगं’ म्हणत, लोकांत ‘ही’ म्हणत. तिचं नाव चारचौघांत घेणं त्यांच्या घरात कुणाला जमलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला आणि सगळ्या बँकेला ऐकू जाईल असं म्हणाले, “खोडा त्ये. वच्छलाबाई लिवा.”

वच्छलाबाई बसल्या जागी लाजल्या. पूर्णिमानं टाइप करायला घेतलं, पण तिचा स्वभाव काही गप्प बसेना.

“मावशी, हे नाव सासरचं की माहेरचं?”

“सासरचं, बाई. लग्नात बदललं.”

“मग माहेरचं?”

“शिवगंगा.”

अंकुशराव गर्रकन वळले. “शिवगंगा? म्हायेरी तर तुला समदे ताई म्हनतेत!”

“त्ये हाकेचं. नाव शिवगंगा.”

“मग हे मला कामून सांगितलं न्हाईस कदी?”

वच्छलाबाईंनी पदर नीट केला.

“तुमी इचारलाव कदी?”