नातीला पत्र आणि शेजारचे मास्तर

सोलापुरात कुणीही इंग्रजी चुकवलं की आमच्या शेजारच्या मास्तरांचं पोट दुखतं. रिटायर होऊन जमाना झाला, तरी हा माणूस अख्खं गाव तपासत फिरतो. लग्नाला गेले की आधी पत्रिकेतल्या चुका यजमानाच्या हातात, आहेर मागनं. एकदा त्यांनी टॉवेल घेतला, त्याच्या चिठ्ठीवर 'थँक्स फॉर बाय' छापलेलं. मास्तर सायकल हाणत थेट अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, आमच्या कारखान्यात. मालक घाबरला, "टॉवेल फाटका निघाला का?" "टॉवेल पास हाय, चिठ्ठी नापास. 'फॉर'च्या मागं 'बाइंग' पायजे." मी तिथंच मागावर टॉवेल विणत होतो. हसण्याच्या नादात सूत तुटलेलं दिसलं नाही, मालकाच्या शिव्या मात्र मी खाल्ल्या.

मी चौथी नापास, इंग्रजी एबीसीडीपुरतं. यंदा बायको गेली. नात परदेशात वाढलेली, मराठी मोडकंतोडकं बोलते, वाचता येत नाही. फोनवर एकच विचारायची, आजी शेवटी काय म्हणाली? मला तोंडानं सांगवत नव्हतं, फोन ठेवून द्यायचो. म्हणून मास्तरांना म्हटलं, "इंग्रजीत चार ओळी लिहून द्या की."

तर अंगावर आले. "बायको तुमची, नात तुमची, आन् अक्षर माझं? जमणार न्हाय तात्या. वही आणा!"

झालं, रोज सकाळी दारात हजर. "आफ्टर, बिफोर, विदाऊट, फॉर. ह्यांच्या मागनं क्रियापद आलं की त्याला आयएनजी लागणार म्हंजे लागणार."

"मागावर धोटा आडवं सूत टाकून गेला की मागनं फणी ठोकायची, तसं?"

"व्हय की! एवढी वर्षं शिकवलं, पण हे सुचलं न्हाय," म्हणाले आणि स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं. मला वीस वेळा लिहायला लावलं ते लावलंच. चहा पोटात गेल्याशिवाय तपासायचे नाहीत, त्यामुळे गॅस पेटायचा. एकट्यासाठी मी पेटवला नसता, खरं सांगतो. तेराव्यानंतर माणसं यायची बंद झाली. हा एकटा येत राहिला.

'शी वेंट आफ्टर आस्किंग फॉर यू.' तुझी चौकशी करूनच गेली. ह्या एका ओळीला मला चार दिवस लागले.

पत्र पोचलं, नातीचा फोन आला. दोघंही पोटभर रडलो. मास्तरांना सांगितलं, झालं काम, लई उपकार झाले. तर म्हणाले, "कुटं झालं? आजी गेली कशी ते कळवलं. जगली कशी ते कोण कळवणार?"

दुसऱ्या दिवशी कोरं पान पुढ्यात. म्हणाले, आधी आजीचं नाव लिहा. मी तिला जन्मभर 'अगं' म्हणूनच हाक मारली. नाव घेतलं ते लग्नात, उखाण्यात, तेही चारचौघांनी अडवलं म्हणून. पेन टेकवून किती वेळ बसलो कुणास ठाऊक. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. मग एकेक अक्षर काढलं, आणि हळूच, एकदा, नाव तोंडानं घेतलं.