सुमनताई बंदूक बघायला जाते

आजऱ्याच्या शिवारात वाढलेली बाई इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये कितीही वर्षं राहिली तरी आजऱ्याचीच राहते. सुमनताई अजून "मी येतो, मी जातो" असंच म्हणते. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, त्यात कुणी चूक काढायचं कारण नाही. पण तिचे यजमान डॉक्टर श्रीकांत पडले पुण्याचे. पेशंटला भूल देणं हा त्यांचा धंदा आणि बायकोचं बोलणं सुधारणं हा छंद. धंदा झकास चालला. छंदात काही बरकत आली नाही.

त्यांचं घर वस्तीच्या पार कडेला. मागं कुंपण, कुंपणापलीकडं गव्हाचं रान. परसात ताईची मेथी, अंबाडी आणि काचेच्या खोपटात जपून वाढवलेली गवार. २००५च्या मे महिन्यात दोघं इल्फर्डला एका बारशाला गेली. परत येऊन बघतात तर मागचं दार उचकटलेलं. टीव्ही गेला, कॅमेरा गेला, लग्नातली चांदीची समई गेली. पोलीस आले, गोड बोलले आणि तक्रारीचा एक नंबर देऊन गेले.

"चोर गावला न्हाई, नंबर तेवढा गावला," ताई म्हणाली.

डॉक्टर मात्र हबकले. स्लाऊला त्यांच्या चुलतभावाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा होता. त्यांनी तो धरूनच ठेवला.

"हे घर विकू या. वर राहायला गेलो की निवांत."

"आन् माझी गवार काय लिफ्टात लावू?"

"चेष्टा नको, सुमन. तू दिवसभर एकटी असतेस. मी तिकडे लोकांना झोपवतो आणि माझं अर्धं लक्ष इकडे. हे पेशंटच्या दृष्टीनंही बरं नाही."

हे ताईला पटत होतं. पण घर सोडायला ती तयार नव्हती. त्या परसातली माती तिनं शेणखत घालून घालून काळी केली होती. तिसऱ्या दिवशी ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाली, "ओ, आपून एक बंदूक घेऊ या."

डॉक्टरांचा घास हातातच राहिला.

त्यात नवल काही नव्हतं. ताईच्या वडिलांकडं शेतीसंरक्षणाच्या परवान्याची दुनळी बंदूक होती. भुईमूग काढणीला आला की रानडुकरं उतरायची आणि थोरला भाऊ माचावर घोरायचा, म्हणून बार ताईच काढायची. डुकरापेक्षा भाऊच जास्त दचकायचा.

"अगं, हे इंग्लंड आहे, आजरा नाही!"

"मग काय झालं? हितल्या लॉर्डांच्या भिंतीला बंदुका टांगलेल्या असत्यात. टीव्हीवर बघितलंय मी."

"टीव्ही चोरीला गेलाय."

"त्येच्या आदी बघितलंय."

शेवटी डॉक्टर म्हणाले, "जून संपेपर्यंत मला पटेल असा बंदोबस्त कर. नाहीतर एजंटला बोलावतो, विक्रीची पाटी लावतो, विषय संपला."

ताईनं गाडी काढली. गोल चौकामागून गोल चौक घेत ती तालुक्याच्या गावासारख्या एका जुन्या गावात पोचली. तिथं पार्किन नावाच्या म्हाताऱ्याचं बंदुकांचं दुकान होतं. साडीवर लोकरीचा कोट घातलेली बाई बघून पार्किनला वाटलं, ही नवऱ्याच्या वाढदिवसाची भेट बघायला आली.

त्यानं एक बारा बोअरची बंदूक पुढं केली. ताईनं ती हातात घेतली, नळ्या जमिनीकडं ठेवून मधून मोडून उघडली, आत काडतूस नाही ते बघितलं आणि मग तिचा लाकडी दस्ता खांद्याला लावला.

"दस्ता लांब हाय," ती आपल्या इंग्रजीत म्हणाली. "माझा हात पुरत न्हाई."

पार्किनचा चष्मा खाली आला. खुर्ची सरकवून तो उठलाच.

"बाईसाहेब, तुम्हाला बारा बोअर जड जाईल. धक्काही जोरात बसतो. वीस बोअर बघा. वजनाला हलकी, वळवायला सोपी. दस्ता मी कापून देईन."

मग दोघं रंगात आली. शेजारी-शेजारी नळ्यांची बरी की वर-खाली नळ्यांची? चाप एक की दोन? ताई बंदूक लावून बघायची, पार्किन तिच्या कोपराखाली बोट धरून मोजायचा. आजऱ्याच्या डुकराची गोष्टही सांगून झाली. शेवटी एक वीस बोअरची तिच्या खांद्यात अशी बसली की जणू पाळण्यातलं पोर कडेवर आलं.

"हीच," ताई म्हणाली.

"सुंदर निवड! आणि मारायचं काय? नेमबाजीच्या मातीच्या तबकड्या? कबुतरं?"

"चोर," ताई म्हणाली.

पार्किननं बंदूक तिच्या हातातून हळूच काढून घेतली आणि फडताळात परत ठेवली.

"बाईसाहेब, हे मी ऐकलं नाही. पोलिसांना तर अजिबात ऐकवू नका. घराच्या राखणीसाठी या देशात बंदूक देत नाहीत. तबकड्या मारणार असाल तर परवान्याचा अर्ज करा."

"मारनार न्हाई तर तसं कशाला लिहू? खोटं बोलून मी परवाना घेत नसतो."

पार्किन हसला. "आणि समजा मिळालीच, तरी ती लोखंडी कपाटात कुलपात ठेवायची. किल्ली कुठं आहे ते नवऱ्यालाही सांगायचं नाही."

ताई म्हणाली, "म्हंजे चोर आला की त्येला म्हनायचं, बस बाबा, चा घे, मी किल्ली हुडकून आलोच?"

म्हातारा एवढा हसला की त्याला खोकला लागला. डोळे पुसत तो म्हणाला, "जन्मभर बंदुका विकल्या, पण माझ्या घरची राखण बंदुकीनं कधी केली नाही. चला, दाखवतो."

दुकानामागं त्याचं अंगण होतं. फाटक उघडलं मात्र, पांढरे थोराड पाळीव हंस माना लांब करून, फिस्स करत, किंचाळत अंगावर आले. ताईनं पदर खोचला आणि जागेवर उभी राहिली. मग तिनंही मान पुढं काढून "हाड्!" केलं. पक्षी थबकले.

"धक्का बसत न्हाई, दस्ता कापाय लागत न्हाई, आन् आवाज बार काढल्यावानी गल्लीभर," ताई म्हणाली. "ह्यातलं तीन द्या."

गाडीच्या मागच्या सीटवर पेंढा पसरून हंस घरी आले. डॉक्टरांनी ते बघितले आणि कपाळाला हात लावला.

"हे? सरस्वतीच्या पायाशी बसतात ते?"

"त्ये शिकल्यालं असतील. ह्ये आमच्याकडचं हाइत."

"हा बंदोबस्त नाही, सुमन. हा तमाशा आहे." आणि जून संपायची वाट न बघता त्यांनी दुसऱ्याच दिवशी एजंटला फोन केला.

एजंट शनिवारी सकाळी आला. चकचकीत बूट, हातात मोजायची टेप. ताई खोपटात गवारीला पाणी घालत होती, तिनं मान वर केली नाही. डॉक्टर त्याला बाजूच्या वाटेनं परसात घेऊन आले, "आणि ही आमची शांत बाग" म्हणाले, आणि मेथीच्या वाफ्यामागून तिन्ही हंस निघाले.

एजंटची टेप उलगडत गेली. तिचं एक टोक हंसाच्या चोचीत होतं आणि दुसरं फाटकाकडं धावत होतं. डॉक्टर त्याला वाचवायला पुढं गेले, तर थोरल्या हंसानं त्यांचीच विजार पकडली. ते पळत घरासमोरच्या आपल्या गाडीच्या बॉनेटवर चढले. समोरची म्हातारी दार उघडून बाहेर आली, तिच्या शेजारचे आले, कोपऱ्यावरचा टपालवालाही सायकल टेकवून बघत राहिला. सगळी गल्ली रस्त्यावर. एजंट आपल्या गाडीची काच वर करून निघूनही गेला.

ताई हातातली झारी घेऊन शांतपणे फाटकापाशी आली.

बॉनेटवर उकिडवे बसलेले डॉक्टर आधी रागानं लाल झाले. मग त्यांनी फाटक्या विजारीकडं बघितलं, गल्लीकडं बघितलं, आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता ते बॉनेटवरून घसरायला लागले. तिकडं हंसानं परत मान लांब केली.

"पटलं!" डॉक्टर ओरडले. "स्लाऊ रद्द! यांना आवर आधी."

"आवरतो की," सुमनताई म्हणाली, आणि आधी उरलेलं पाणी मेथीला घालून आली.